यंत्राचे आयुष्य कोणी ठरवावे?

लॅपटॉपसारखा विषय व्याख्यानमालेत कशासाठी, असे कोणी विचारील. इंजिनियर मंडळींनी आपसांत बोलावा असा हा विषय, आणि आम्ही तर नववीत शाळा सोडलेले, जिनिंगमध्ये हमाली करता करता कामगारांच्या संघटनेत पडलेले गृहस्थ. परंतु हे यंत्र आता इंजिनियरांपुरते राहिलेले नाही. बांधकाम मजुराची नोंदणी, भविष्यनिर्वाह निधीचा दावा, सातबारा, पीकविमा, मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, सारे त्याच्याच पोटातून जाते. ई-श्रमचे संकेतस्थळ २६ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू झाले, आणि त्या हिवाळ्यात आमच्या कचेरीच्या दाराशी जी रांग लागे ती रेशनच्या दुकानाला लाजवील अशी होती. ज्या वस्तूवाचून गरिबाचा कागद पुढे सरकत नाही, ती वस्तू किती दिवस टिकते व तिच्यावर किती खर्च होतो, हा प्रश्न मग सर्वांचाच होतो.

लॅपटॉप घेतला की तो चार-पाच वर्षांनी टाकायचा व नवा आणायचा, असे लोक धरून चालतात. बैल म्हातारा होतो तसे यंत्रही म्हातारे होते, असा त्यामागचा समज असतो. हा समज कितपत खरा आहे, याचा विचार आम्ही येथे एकाच यंत्राच्या हिशेबावरून करणार आहोत. ते यंत्र आमच्या संघटनेच्या यवतमाळच्या कचेरीतले. थिंकपॅड टी ४२० असे त्याचे नाव. हा नमुना २०११ साली बाजारात आला. आम्ही तो २०१४ साली नागपूरहून वापरलेला घेतला, बावीस हजार रुपयांस. मोठ्या कंपन्या अशी यंत्रे शेकड्यांनी घेतात, तीन वर्षे वापरतात आणि गठ्ठ्याने काढून टाकतात; त्यांतले हे एक. ते अजून कचेरीच्या टेबलावर आहे.

थिंकपॅड हे घराणे मूळचे आयबीएम या अमेरिकन कंपनीचे. त्या कंपनीचे जुने चालक थॉमस वॉटसन यांचे घोषवाक्य ‘थिंक’, म्हणजे ‘विचार करा’, असे होते. तो शब्द छापलेली खिशातली चोपडी कंपनीत सर्वांच्या परिचयाची होती, तिच्यावरून यंत्राचे नाव पडले. ७०० सी हा प्रसिद्ध नमुना ऑक्टोबर १९९२ मध्ये निघाला. यंत्राची घडण जपानातील यामातो येथील प्रयोगशाळेत आरिमासा नाइतो यांच्या देखरेखीखाली झाली, आणि बाहेरचे रूप रिचर्ड सॅपर या जर्मन कारागिराने दिले. त्याच्या डोळ्यांपुढे जपानी लोकांचा जेवणाचा काळा डबा होता. बाहेरून अगदी साधा, आणि झाकण उघडले की आत प्रत्येक जिनसाला आपापला कप्पा. मे २००५ मध्ये हा सारा व्यवहार लेनोवो या चिनी कंपनीने विकत घेतला. इतिहास एवढा पुरे. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते असे की या यंत्रात मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा सांगाडा आहे, कळफलकाखाली सांडलेले पाणी वाहून जाण्यास भोके आहेत, आणि यंत्र कसे खोलावे याची सचित्र पुस्तिका खुद्द कंपनीने सर्वांसाठी खुली ठेवली आहे. कोणता स्क्रू कोठचा व किती लांबीचा, हेही तीत लिहिलेले असते. जाड पत्र्याचे यंत्र टिकाऊ, असे लोक समजतात. आमच्या मते टिकाऊपणाची पहिली खूण ती पुस्तिका होय.

आमच्या जिल्ह्यातल्या लोकांना हे समजावून सांगावे लागू नये. रेचा सर्वांनी पाहिला आहे. दोन रोलरांच्या रेच्यात चामड्याचा रोलर कापूस ओढतो आणि सुरी सरकी झटकते. हंगामात रोलर झिजतो, त्याच्यावर पुन्हा खाचा पाडाव्या लागतात, अखेर तो बदलावा लागतो. सुरीला धार लावावी लागते. पण बीडाचा सांगाडा बापाच्या काळातला असतो व मुलाच्या काळातही चालतो. रोलर झिजला म्हणून रेचा भंगारात घालणारा जिनिंगवाला आम्ही पाहिला नाही. यवतमाळ-मूर्तिजापूरच्या शकुंतला गाडीचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनले, १९२३ पासून रुळांवर धावले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झाले, म्हणजे सत्तर वर्षांहून अधिक त्याने ओढले. या काळात त्याचे झिजणारे भाग किती वेळा बदलले असतील! यंत्राचे झिजणारे भाग निराळे आणि न झिजणारे निराळे, हे ओळखून ज्याने ते एकमेकांपासून सुटे ठेवले, त्याने यंत्राला आयुष्य दिले. ज्याने ते डिंकाने चिकटवून टाकले त्याने यंत्राची मरणतिथी कारखान्यातच लिहून ठेवली.

आता लॅपटॉपमध्ये झिजते काय? आणि हळू का होते? याचे उत्तर देण्यास पुन्हा जिनिंगमध्येच जाऊ. आवारात कापसाची गंजी असते, रेच्यापुढे ओटा असतो, आणि रेचा असतो. रेचा म्हणजे यंत्रातला प्रोसेसर. काम करणारा तोच. ओटा म्हणजे रॅम, ज्याला स्मृती म्हणतात. हाताशी हवा असलेला माल तेथे. गंजी म्हणजे डिस्क, जेथे सर्व साठा पडून राहतो. ओटा लहान असला तर रेजाबाईला घडीघडी टोपली घेऊन गंजीकडे धावावे लागते, आणि तोवर रेचा रिकामा फिरतो. बाहेरून पाहणारा म्हणतो, रेचा जुना झाला, हळू चालतो. रेच्यात काहीच बिघाड नसतो. लॅपटॉप ‘म्हातारा’ झाला म्हणून टाकणारे शंभरांतले बहुतेक लोक ओटा लहान म्हणून रेचा फेकतात.

आमच्या यंत्रात येताना चार जीबी स्मृती होती. २०१६ साली अठराशे रुपयांत ती आठ केली. २०२० साली, सभा पडद्यावर घेण्याची पाळी आली तेव्हा, आठ-आठच्या दोन पट्ट्या घालून सोळा केली. कंपनीच्या कागदावर या नमुन्याची मर्यादा आठच लिहिली आहे, पण सोळा चालते, आणि हे जगभरच्या वापरणारांनी घालून पाहून ठरविले आहे. पट्टी खाचेत बसविण्यास पाच मिनिटे लागतात. अलीकडच्या पुष्कळ पातळ यंत्रांत ही स्मृती मूळ पाटीवर डाकाने जोडून टाकलेली असते. तेथे ओटा वाढविता येत नाही. घेताना जेवढा घेतला तेवढाच जन्मभर.

डिस्कची गोष्ट जरा विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण तेथे आमचा जीव टांगणीला लागला होता.

हंगामी कामगाराला उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, मिळते हे फार थोड्या कामगारांना ठाऊक असते. १९७२ च्या कायद्याने ती दिली. तो कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. बारमाही कामगाराला दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन, तर हंगामी कारखान्यातल्या कामगाराला दर हंगामामागे सात दिवसांचे. मात्र कारखाना हंगामात जितके दिवस चालला त्यांपैकी पंचाहत्तर टक्के दिवस तो माणूस कामावर होता असे दिसावे लागते. हे दाखवायचे कसे? हजेरीपट मालकाच्या ताब्यात. एखाद्या रेजाबाईने बावीस हंगाम ओझी वाहिली, तर बावीस सत्ते एकशे चौपन्न दिवसांचे वेतन तिचे होते. पण तिच्यापाशी एक चिटोरा नसतो. म्हणून आम्ही फार वर्षांपासून एक पद्धत ठेवली आहे. आठवड्याच्या पगाराच्या चिठ्ठ्या, हजेरीची पाने, ठेकेदाराच्या वहीतली नोंद, जे हाती लागेल त्याचे छायाचित्र घ्यायचे आणि गावाच्या, कारखान्याच्या व हंगामाच्या नावाने यंत्रात ठेवायचे. एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, दुसऱ्याच्या घरी.

२०१८ च्या पावसाळ्यात यंत्रातून ‘टक्, टक्’ असा आवाज येऊ लागला. जुन्या पद्धतीच्या डिस्कमध्ये आरशासारखी तबकडी फिरते, मिनिटाला ७,२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२०. तिच्यावर सुईसारखे एक डोके केसाहूनही कमी अंतरावर तरंगत माहिती वाचते. एक नोंद शोधण्यास डोके जागेवर जाणे व तबकडी फिरून समोर येणे, असे मिळून दहा-बारा सहस्रांश सेकंद लागतात. हे ऐकावयास थोडे वाटते, पण एक कार्यक्रम उघडताना असे हजारो शोध होतात. डोक्याची जागा चुकू लागली की हा टक्-टक् आवाज येतो. तो ऐकल्यावर यंत्र बंद करावे, आणि पुन्हा चालू करायचे ते प्रत काढण्यासाठीच. आमच्या कारागिराने तसेच केले. हा तरुण बसस्थानकाजवळच्या एका बोळात बसतो, त्याच्या वडिलांचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. त्याने जुन्या डिस्कची संपूर्ण नक्कल एका नव्या प्रकारच्या डिस्कवर उतरविली. तिला एसएसडी म्हणतात. तिच्यात फिरणारे काहीच नाही, विजेच्या सूक्ष्म कोठड्यांत माहिती साठते आणि शोध एका दशसहस्रांश सेकंदात लागतो, म्हणजे शंभरपट लवकर. किंमत साडेचार हजार. नक्कल उतरायला सारी रात्र लागली. सकाळी ताडून पाहिले, तेव्हा छायाचित्रे सगळी होती. बाहेरची प्रतही होतीच, पण ती दोन महिन्यांची जुनी, आणि नुकत्या संपलेल्या हंगामाचे शेवटचे आठवडे तिच्यात नव्हते. पुढे त्या कारखान्याच्या कामगारांचे दावे उभे राहिले तेव्हा बहुतेकांना पैसे मिळाले. काहींचे हंगाम पंचाहत्तर टक्क्यांना दोन-चार दिवस कमी पडले, त्यांना त्या हंगामाचे मिळाले नाहीत. वर सांगितलेल्या रेजाबाईंचे बावीसच्या बावीस हंगाम मान्य झाले.

त्या दिवसापासून यंत्र दोन मिनिटांऐवजी वीस सेकंदांत सुरू होऊ लागले. ज्यांनी ते आधी पाहिले होते त्यांना वाटले आम्ही नवे आणले. जुन्या यंत्रात पैसे घालायचेच असतील तर पहिले पैसे या डिस्कवर घालावेत, हे आमचे स्पष्ट मत आहे.

बॅटरी हा मात्र झिजणारच असा भाग. तिच्यात लिथियमचे कण एका बाजूकडून दुसरीकडे जातात व परत येतात. सोनी कंपनीने १९९१ साली ही जात प्रथम बाजारात आणली. प्रत्येक येरझारीत थोडी क्षमता कमी होते, आणि तीनशे ते पाचशे येरझाऱ्यांनंतर ती जाणवण्याइतकी घटते. पण येरझारीपेक्षाही तिचा मोठा शत्रू उष्णता. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, पत्र्याच्या कचेरीत त्याहून वर. अशा उन्हाळ्यात बॅटरी काठोकाठ भरून दिवसरात्र तारेला लावून ठेवणे म्हणजे तिला शिजविणेच होय. या घराण्याच्या यंत्रांत एक सोय आहे. बॅटरी ८० टक्क्यांवर भरणे थांबावे आणि ४० च्या खाली गेल्याशिवाय पुन्हा भरू नये, असे सांगून ठेवता येते. आम्ही ती सोय वापरू लागल्यावर एका बॅटरीचे आयुष्य तीन वर्षांवरून चारांच्या जवळ गेले. पूर्वी भारनियमनाच्या दिवसांत बॅटरी भरलेली ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते. आता शहरात तेवढी अडचण राहिलेली नाही. या यंत्राची बॅटरी मागून खिट्टी सरकवून हातानेच निघते. युरोपीय संघाने २०२३ साली नियम करून, लहान उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे असे ठरविले आणि त्यासाठी १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख घातली. जे पूर्वी सहज होते त्यासाठी आता कायदा करावा लागतो!

यवतमाळचा असा एक खास रोग आहे, तो पुस्तिकेत नाही. तो म्हणजे कापसाची फुकी. आम्ही यंत्र घेऊन जिनिंगच्या दारात बसतो, तेव्हा पंखा हवेबरोबर रुईचे तंतूही ओढतो. आत तांब्याच्या नळीला जोडलेल्या बारीक पात्या असतात, प्रोसेसरची उष्णता तेथून बाहेर जाते. त्या पात्यांवर तंतूंची गादी बसते, हवा कोंडते, यंत्र तापते, आणि तापले की ते स्वतःला वाचविण्यासाठी आपणहून हळू होते. लोकांना वाटते म्हातारपण आले. म्हणून हंगाम संपला की, उन्हाळ्याच्या तोंडावर, दरसाल एकदा यंत्र खोलून झाडावे आणि प्रोसेसरवरचा वाळलेला लेप पुसून नवा लावावा. मजुरी तीनशे रुपये. पहिल्यांदा खोलले तेव्हा कारागीर म्हणाला, “भाऊ, याच्यातून तं वात वळता येते.”

आणखी एक लहानशी गोष्ट, तिने आम्हांला चार दिवस छळले. एके दिवशी सरकारी संकेतस्थळे उघडेनात. बँकेचे नाही, भविष्यनिर्वाह निधीचे नाही. कोणी म्हणे विषाणू, कोणी म्हणे यंत्र सरकारने बाद केले. खोड निघाली शंभर रुपयांच्या बटणसेलची. यंत्र बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा एक लहान सेल आत असतो. तो संपला की यंत्राची तारीख कित्येक वर्षे मागे जाते, आणि यंत्र सुरक्षित संकेतस्थळाच्या ओळखपत्राची मुदत आपल्या तारखेशी ताडून पाहते, म्हणून दार बंद होते. हे एवढ्यासाठी सांगितले की केवळ या कारणाने टाकून दिलेली यंत्रे आम्ही पाहिली आहेत.

सगळेच काही भाग बदलू दिले जातात असे समजू नये. काही उत्पादक यंत्राच्या मूळ आज्ञावलीत यादी घालून ठेवतात, आणि यादीबाहेरचे बिनतारी जोडणीचे कार्ड घातले तर यंत्र सुरूच होत नाही. कोठे बॅटरीत ओळख पटविणारी चकती असते व परकी बॅटरी भरली जात नाही. यात तांत्रिक गरज थोडी, दुकानदारी फार. ही वृत्ती नवीन नाही. १९२४ साली जिनिव्हात दिव्यांच्या मोठ्या कारखानदारांनी संगनमत करून विजेचा दिवा एक हजार तासांहून अधिक जळू नये असे ठरविले होते, आणि अधिक जळणारा दिवा बनविणाऱ्याला दंड असे. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यास समिती नेमली व त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यासाठी संकेतस्थळ काढले. फ्रान्सने तर २०२१ पासून लॅपटॉपवर ‘दुरुस्तीचे गुण’ छापणे सक्तीचे केले, दहापैकी किती, म्हणजे ग्राहकाला दुकानातच कळते.

दुरुस्तीची तजवीज नसलेले यंत्र गरिबाच्या हाती दिले की काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्राने पाहिले आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर अंगणवाडी सेविकांनी कामासाठी मिळालेले सरकारी मोबाईल परत केले. फोनची स्मृती दोन जीबीची. त्यात नवे ॲप नीट चालेना, फोन तापत, अडकत. हमीची मुदत संपलेली, आणि दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या तुटपुंज्या मानधनातून. त्या बायांनी वस्तू परत केली, कारण तिचा ओटा वाढविता येत नव्हता.

आता प्रणालीविषयी, म्हणजे यंत्रात चालणाऱ्या मूळ आज्ञावलीविषयी. येथे लोखंड टिकूनही यंत्र मरू शकते. आमच्या यंत्रात विंडोज ७ होती. मायक्रोसॉफ्टने तिची डागडुजी १४ जानेवारी २०२० रोजी थांबविली. पुढच्या विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ ला तर सुरक्षेची एक विशिष्ट चकती आणि इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर लागतो. आमचा दुसऱ्या पिढीचा. इंजिन धड असावे आणि रूळ उखडून न्यावेत, तशी ही गत. आम्ही २०२० सालीच लिनक्सवर गेलो. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स नावाच्या फिनलंडच्या विद्यार्थ्याने सुरू केलेली ही प्रणाली जगभरच्या लोकांनी मिळून वाढविली, ती फुकट मिळते व जुन्या यंत्रांवर चालते. केरळ राज्याने आपल्या सरकारी शाळांतून अशीच मुक्त प्रणाली चालविली आहे, तेव्हा ती सामान्य माणसाला जमत नाही हे म्हणणे टिकत नाही. आमच्या कचेरीतल्या दोन बायांनी ती आठवड्यात आत्मसात केली.

त्रास झाला तो मराठीचा. जुनी निवेदने, करारांचे मसुदे, सभांची इतिवृत्ते जुन्या फाँटमध्ये टाईप केलेली होती. त्या फाँटची युक्ती अशी की यंत्राला वाटे आपण रोमन अक्षर साठवितो आहोत, आणि पडद्यावर मात्र त्या जागी मराठी आकार दिसे. फाँट गेला की मागे उरे तो रोमन अक्षरांचा चिवडा. युनिकोड पद्धतीत देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा आहेत. ‘क’ चा क्रमांक २३२५, मग यंत्र कोणतेही असो. ‘बॅटरी’ मधल्या चिन्हासारखा सुटा ‘ॲ’ मात्र २००८ सालापर्यंत तेथे नव्हता, हे वाचून आम्हांला मौज वाटली. जुने कागद एकेक करून युनिकोडमध्ये आणण्यास आम्हांला दीड वर्ष लागले. यंत्राचा कोणताही भाग बदलण्यापेक्षा हे काम जड गेले, आणि अधिक मोलाचेही ठरले. कारण आता ते कागद कोणत्याही पुढच्या यंत्रात उघडतील.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. २०११ चा प्रोसेसर आजकालच्या चित्रफिती उलगडण्याचे काम आपल्या खास भागाकडून करून घेऊ शकत नाही, सारा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो, म्हणून पडद्यावरच्या लांबलचक सभेत पंखा जोरजोराने ओरडतो. बाहेरून जोडण्याच्या खाचा जुन्या, संथ जातीच्या आहेत. काही सरकारी कामांना लागणारी अंकीय सहीची किल्ली विंडोजवरच नीट चालते. त्यासाठी आम्ही २०२५ साली आणखी एक वापरलेले यंत्र घेतले, आठव्या पिढीचे. मुख्य लिखाण, हिशेब व दप्तर जुन्यावरच आहे. कळफलकाच्या सात ओळी आहेत, आणि ज्याला रोज मराठीत दहा पाने लिहावयाची त्याला तसा कळफलक नव्या यंत्रांत मिळत नाही. इनस्क्रिप्ट पद्धतीत डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. ती आम्ही पन्नाशीच्या उंबरठ्यावर याच कळांवर शिकलो.

कोणी म्हणेल की हा कृपणपणा आहे. आमचे एक हमाल बंधू स्पष्टच बोलतात, “भाऊ, हे डबडं अजून ठेवलंच काय तुमी? लोकं हासतात आपल्याले.” याहून गंभीर आक्षेप चळवळीतलेच मित्र घेतात. लोकांनी नवी यंत्रे घेतली नाहीत तर ती बनविणाऱ्या कामगारांचे काय? प्रश्न योग्य आहे. पण त्या कामगाराकडे नीट पाहावे. बॅटरीतला कोबाल्ट मुख्यतः काँगोच्या खाणींतून येतो, आणि तेथे पुष्कळ माणसे हातांनी माती उकरतात. २०१० साली चीनमध्ये शेनझेनच्या विद्युत् उपकरणांच्या कारखान्यात एकामागून एक तरुण कामगारांनी आत्महत्या केल्या, तेव्हा जगाने त्यांच्या पाळ्यांचे तास मोजले. आणि टाकलेले यंत्र जाते कोठे? दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्तीत, जेथे माणसे उघड्यावर तारा जाळून तांबे काढतात व पाट्या तेजाबात बुडवितात. घाईघाईने यंत्रे बदलण्याने या माणसांना काम मिळते हे खरे. पण ते कसले काम, हे त्यांच्या फुप्फुसांना विचारावे. दुरुस्तीचे काम गावात राहते, सावलीत बसून होते आणि त्यात कसब लागते.

अर्थात या बाजूलाही आमचा हिशेब फारसा अभिमानाचा नाही. २०१४ ते २०२५ या अकरा वर्षांत यंत्रावर गेले ते असे. मूळ किंमत २२,०००. स्मृती दोन वेळा मिळून ६,३००. डिस्क ४,५००. बॅटऱ्या तीन, ८,०००. कळफलक १,५००, पंखा ९००, चार्जर १,२००, बटणसेल १००. साफसफाईची मजुरी दहा वर्षांची ३,०००. एकूण ४७,५००, म्हणजे सालिना सव्वाचार हजारांहून थोडे अधिक. पंचेचाळीस हजारांचे नवे यंत्र दर पाच वर्षांनी घेतले असते तर सालिना नऊ हजार पडले असते. संघटनेची वर्गणी हमालाच्या खिशातून येते, तेव्हा हा फरक लहान नव्हे. परंतु सुट्या भागांवर व डागडुजीवर गेलेल्या साडेपंचवीस हजारांपैकी आमच्या कारागिराच्या हाती मजुरी म्हणून पडले ते तीनच हजार, बाकीचे मालाचे. ज्याच्या कसबावर यंत्र अकरा वर्षे चालले त्याचा वाटा आठवा हिस्साही नाही. यंदापासून साफसफाईचे पाचशे द्यायचे असे आम्ही ठरविले, तर तो म्हणतो, “तुमी द्याल भाऊ, पन बाकीचे गिऱ्हाईक तीनशेच्या वर नाही देत.”

व्याख्यानानंतर पुष्कळजण विचारतात की मग वापरलेले यंत्र घ्यावे तरी कसे. कंपन्यांनी काढलेल्या व्यवसायी जातीच्या यंत्रांतले घ्यावे, घरगुती हलक्या जातीतले घेऊ नये. दुकानदाराला मागचे झाकण आपल्यासमोर उघडावयास लावावे, स्मृती खाचेत आहे की डाकाने जोडलेली ते डोळ्यांनी पाहावे. नमुन्याच्या नावाची खोलण्याची पुस्तिका मिळते का ते आधी शोधावे. विंडोज हवी असेल तर आठव्या पिढीच्या खालचे घेऊ नये. लिनक्सवर काम भागत असेल तर त्याआधीचेही चालेल आणि पुष्कळ स्वस्त पडेल. बिजागरी हलवून पाहावी, सगळ्या कळा दाबून पाहाव्या, अर्धा तास चालू ठेवून पंख्याचा आवाज ऐकावा. बॅटरी गेलेलीच आहे असे धरून तेवढे पैसे किमतीतून आधीच कमी करून घ्यावेत. दुकानदार ‘दोन तास चालते’ म्हणाला तर यंत्र तेथेच तारेवरून काढून चहा मागवावा आणि बसावे.